हात बसेपर्यंत

चार यंत्रं आली मार्चात, ट्रेलरवरून.
कात्रजच्या अलीकडे, रोपवाटिकेमागे उतरवली.
पिवळी. काचांना अजून प्लास्टिक.
चालवणारा मी एकटा.
पत्रात लिहिलं होतं, 'कुशल मनुष्यबळाचा तुटवडा'.
तुटवडा म्हणे.
वारज्याच्या पुलाखाली रोज सकाळी सातला
दोनशे हात उभे असतात जेवण बांधून,
त्यांना विचारा तुटवडा कशाला म्हणतात.

तर आठ जण पाठवले. चाळीस दिवस दिले.
वेल्ह्याची सरू मरगळे, घरात म्हशी आणि काकाची कुऱ्हाड;
कोंढव्याचा अझर तांबोळी, आधी टेम्पोवर;
दोघे ढमाले, चुलतभाऊ, एकमेकांशी न बोलणारे;
बाकीचे पहिला आठवडा मला
हातांवरूनच ठाऊक:
घामेजणारा, घाईवाला, मुठीत धरणारा,
आणि एक इंजिनियर.

जोर यंत्रात भरलेलाच आहे, मी सांगतो.
भीड नसते त्याला. ती तुम्ही आणायची.
टेकडीभर उंदीरमारी माजली आहे, सुबाभूळ माजली आहे,
ती काढायचीच.
पण तिच्या बुडाशी कुणी मेडशिंगी लावलेली असते
कमरेइतकी,
तिला पंजा लागला तर मी खाली उतरवीन.

म्हणून पहिल्या दिवशी झाड नाही. डबा.
तेलाचा, पंधरा किलोचा, रिकामा.
धर, उचल, फिरव, त्या ओंडक्यावर ठेव.
पोचा न पाडता.

पहिला चेपतोच. सगळ्यांचा.
त्यावर मी पांढऱ्या रंगानं नाव घालतो, तारीख घालतो,
शेडच्या कट्ट्यावर मांडतो.
आधीचे सत्तावीस आहेत तिथे.
सत्तावीस जण हात बसल्यावर गेले:
कुणी मेट्रोच्या खड्ड्यात, कुणी समृद्धीवर, एक मस्कतला.
खोटं कशाला बोलू,
जंगलात पगार उशिरा येतो आणि रेंज येत नाही.

माझा डबा नाही त्यात.
मला कुणी शिकवलं नव्हतं. किन्नर होतो,
उस्ताद जेवायला बसला की लिव्हरला हात लावायचो.
एकदा पाठीत पाना बसला,
तो थंडीत अजून बोलतो.

एकतिसाव्या दिवशी अझर म्हणाला,
मास्तर, तुम्ही एकदा दाखवा ना.

डावा हात वर्षभर थरथरतो आहे.
चहाच्या बशीला माहीत आहे. खात्याला नाही.
चढलो.
हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.
पत्रा कण्हला, एवढासाच,
पण इंजिन मंद होतं, सगळ्यांनी ऐकला.
इंजिनियरनं चष्मा पुसायला काढला.
ढमाल्यांपैकी एक दुसऱ्याला हळूच काहीतरी म्हणाला,
एकतीस दिवसांत पहिल्यांदा.

सरूनं ब्रश घेतला.
पोचा सोडून, सपाट बाजूला,
माझं पूर्ण नाव लिहिलं. तुळशीराम गेनू पोळेकर.
गेनूचं न चुकून ण झालं होतं, ते पुसून नीट केलं.
तारीख घातली.
कट्ट्यावर ठेवला, जुन्यांत नाही,
अझर आणि घाईवाल्याच्या मधे.

मग ती कॅबमध्ये चढली. नवा डबा मागितला.
मीच नेऊन ठेवला, त्याच हातानं,
आणि बाजूला झालो.

पंजा खाली आला. वीतभर वर थांबला,
म्हैस नवखी असली की
कासेला हात घालण्याआधी थांबतात तसा.
मिटला.

डबा हवेत आहे.
ओंडका थोडा डावीकडे राहिला आहे.
मी सांगणार नाही.